मोरचुदाचं पाणी

“मला रंग जाणारं कापड हवंय,” हिसाए म्हणाली.

मी हातातली काचेची नळी खाली ठेवली आणि हसलो. मला वाटलं, माझं जपानी पुन्हा एकदा दगा देतंय.

“रंग न जाणारं?”

“नाही. जाणारं. पाऊस लागला की सगळा उतरला पाहिजे.”

“उतरून जाणार कुठे?”

“खाली पांढरं कापड अंथरणार आहे, त्याच्यावर. वरचं हळूहळू पांढरं होईल आणि खालचं निळं. तुमच्या हौदात जमेल का?”

“न जमायला काय झालं? आमच्याकडे असलं कापड विकलं तर गिऱ्हाईक घरी येऊन शिव्या देतं.”

“मी शिव्या देणार नाही, असं लिहून देते,” ती म्हणाली आणि खरंच खिशातली पेन्सिल काढून लिहायला लागली. मग थांबून हळूच म्हणाली, “फक्त उएदा मास्तरांना सांगू नका. कारखान्यातून कच्चा रंग बाहेर गेलेला त्यांना चालणार नाही. नंतर कळलंच तर मीच ते न धुता नेलं, असं सांगेन.”

ही एकोणीसशे एकोणसाठच्या जूनमधली गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. सोलापूरच्या एका मिलच्या रंगखात्यातून मला वर्षभर शिकायला ओसाकाजवळच्या साकाई गावी एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात पाठवलं होतं. आम्ही जातीनंच निराळी, पिढीजात निळीचे रंगारी, आणि आडनावही तेच. जपान्यांच्या जिभेला ‘ळ’ काय, ‘ल’सुद्धा जमत नाही, त्यामुळे तिथे मी निरारी-सान झालो होतो. हिसाए ओकुमुरा कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंग जुळवायची. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीकडे नुसतं बघून ‘यात पिवळा थोडा कमी पडलाय’ असं सांगायची आणि ते कधी चुकायचं नाही.

रविवारी मात्र ती दुसरीच कुणीतरी असे. गावात मोरिवाकी नावाचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांनी पंधरा-वीस तरुण पोरापोरींचं मंडळ जमवलं होतं. युद्धात या सगळ्यांची घरं जळली होती, शाळा जळल्या होत्या, आणि चौकटीतलं चित्र म्हटलं की ते नाक मुरडायचे. कुणी झाडांना पत्र्याचे डबे टांगायचं, कुणी वाळूत विजेचे दिवे पुरायचं, आणि हेच आमचं चित्र म्हणायचं. मला पहिल्यांदा हा सगळा पोरखेळ वाटला. पण मोरिवाकी सहा वर्षं हातानं छापलेलं एक पातळ वार्तापत्र पॅरिस, न्यूयॉर्क, मिलान असं जगभर पोस्टानं पाठवत होते. उत्तरं क्वचित यायची. आली की मोरिवाकी ती मंडळाला उभं राहून वाचून दाखवायचे, एखाद्या घरात परदेशी गेलेल्या मुलाचं पत्र वाचावं तसं.

त्या जूनमध्ये पत्राऐवजी माणूसच येणार होता. मिलानचा बेरुत्ती नावाचा समीक्षक. समुद्राकाठच्या पाइनच्या बनात मंडळाचं दहा दिवसांचं उघड्यावरचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यातली गुरुवारची एकच दुपार बेरुत्ती तिथे असणार होता. तो पाच जणांची कामं निवडणार होता. कामं मिलानला पुन्हा उभी करायची, म्हणून ती करणारी माणसंही जाणार होती.

“आठ वर्षं मी दुसऱ्यांचे रंग जुळवतेय,” हिसाए मला म्हणाली. “एकदा कुणीतरी मला माझं काम विचारावं.”

मी हो म्हटलं. मला ती आवडायची, हेही सांगून टाकतो. पण पुढे जे झालं त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

संबंध होता एका टेबलक्लॉथशी. सोलापूरहून येताना मी माझ्या हातानं रंगवलेला जांभळा टेबलक्लॉथ उएदा मास्तरांना भेट म्हणून आणला होता. मास्तर रंगखात्याचे प्रमुख, साठीचे, बोलायला मऊ. माझ्या शिक्षणाच्या दाखल्यावर त्यांचीच सही व्हायची होती. त्यांच्या बायकोनं तो टेबलक्लॉथ बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकला. पुढच्या सोमवारी मास्तरांनी शर्टाची बटणं सोडून आतला फिकट जांभळा बनियन सगळ्या हौदवाल्यांना दाखवला. त्यात कुजकेपणा नव्हता, ते प्रेमानंच हसत होते. हिसाएसुद्धा हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून एखादा नमुना धुण्यात उतरला की हौदवाले एकमेकांना म्हणायचे, ‘हा हिंदी रंग.’ मी जवळ असलो की आवाज कमी करून म्हणायचे, आणि ते मला जास्त लागायचं.

माझे आजोबा गिऱ्हाइकाच्या हाती कापड द्यायच्या आधी त्याचं एक टोक ओलं करून स्वतःच्या पांढऱ्या धोतराला घासायचे. धोतरावर डाग पडला तर ते कापड परत हौदात. म्हातारपणी त्यांना दिसत नव्हतं, तेव्हा ते मला विचारायचे, “पडला का रं?” अशा घरात वाढलेल्या माणसानं तो जांभळा टेबलक्लॉथ जपानपर्यंत नेला होता.

शनिवारी दुपारी कारखाना बंद झाल्यावर आम्ही कामाला लागलो. मास्तरांनी बाद मालातलं बारा तुकडे कापड दिलं होतं, प्रत्येकी सहा वार. ओकुमुरा बनात निळे पडदे लावणार आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. हिसाएनं निळा स्वतः जुळवून आणला. पाणी तापवलं, रंग सोडला, मी काठीनं कापड फिरवत राहिलो आणि ती मला मोजून वेळ सांगत राहिली. चार वाजेपर्यंत बारा तुकडे दोऱ्यांवर होते.

“आता धुवायचं नाही,” ती म्हणाली. “असंच वाळवायचं.”

“माहीत आहे हो. रंगारी मी आहे.”

ती हसली. मंडळाची बैठक होती म्हणून गेली.

मी एकटा राहिलो. सहज म्हणून एका तुकड्याचं टोक ओलं केलं आणि रुमालाला घासलं. रुमाल निळा झाला. तो व्हायलाच हवा होता, तसंच तर ठरलं होतं. मी तो घडी करून खिशात घातला, पुन्हा काढून बघितला, पुन्हा घातला. दोऱ्यांखालून येरझाऱ्या घालायला लागलो. डोक्यात एकच चाललं होतं: गुरुवारी पाऊस पडेल, बनात शंभर माणसं असतील, मास्तर असतील, हौदवाले असतील. निळं पाणी वाहायला लागेल. कुणी विचारील, हे रंगवलं कुणी?

फळीवर मोरचुदाची बरणी होती. या जातीच्या निळ्याला गरम पाण्यात मोरचूद आणि थोडं आम्ल दिलं की तो धाग्याला असा धरून बसतो की मग आभाळ फाटलं तरी सोडत नाही. अर्ध्या तासाचं काम. मी ते बाराही तुकड्यांना केलं. मग स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळून काढलं. शेवटचं पाणी आरशासारखं नितळ होतं. आणि खरं सांगतो, ते बघून मला फार बरं वाटलं.

तिनं मिलानला जाऊ नये म्हणून मी हे केलं, असं कुणाला वाटेल. तसं असतं तर निदान त्यात प्रेम तरी असतं. ते नव्हतं. फक्त नाक होतं.

रविवारी सकाळी बनात दोऱ्या बांधून आम्ही कापडं टांगली. खाली तिनं पांढरं कापड ताणून खुंट्या ठोकल्या. मग मागे सरली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. मी उगाच दोरीची गाठ आवळत राहिलो. मोरचुदानं निळ्यात किंचित हिरवट झाक येते. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती.

“काल असा होता?” तिनं विचारलं.

“झाडांची सावली पडतेय.”

“हं,” ती म्हणाली. सावलीत रंग कसा दिसतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

त्यानंतरचे चार दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. जूनमध्ये तिकडे पाऊस नुसता लागून राहतो, पण त्या आठवड्यात आभाळ कोरडं ठणठणीत होतं. सुट्टी झाली की हिसाए बनात जायची आणि तिच्या मागोमाग मी. सगळं मंडळ माना वर करून उभं असायचं. डबेवाल्याला वाऱ्याची काळजी नव्हती, दिवेवाल्याला विजेची नव्हती. सगळ्यांना हिसाएच्या पावसाची काळजी. तिकडे लहान मुलं ऊन पडावं म्हणून कापडाची पांढरी बाहुली खिडकीत टांगतात. पाऊस हवा असेल तर तीच बाहुली उलटी टांगायची. हिसाएनं एक उलटी बाहुली पाइनच्या फांदीला बांधली होती. बुधवारी सगळ्यांची पाठ वळल्यावर मी ती सुलटी केली. तीस वर्षांचा होत आलेला माणूस, विज्ञान शिकलेला!

मला सांगता आलं असतं. सोमवारी सांगितलं असतं तर दोन दिवसांत नवे बारा तुकडे रंगवून झाले असते. मंगळवारी सांगितलं असतं तरी निदान सहा झाले असते. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जायचो आणि भलतंच काहीतरी विचारून परत यायचो. मंगळवारी ती एका लहान पुस्तकातून इटालियन आकडे पाठ करत होती.

“ऊनो, दुए, त्रे,” ती म्हणाली. “चारला काय म्हणतात सांगा?”

“मला काय माहीत?”

“क्वात्रो. काय झालंय तुम्हाला? दोन-तीन दिवस बघतेय, पायाखाली निखारे असल्यासारखे वागताय.”

“घराची आठवण येतेय,” मी म्हणालो.

तिनं मला टेबलाच्या खणातून एक संत्रं काढून दिलं.

गुरुवारी बाराच्या सुमाराला समुद्राकडून ढग आले. मी कारखान्याच्या आवारात होतो. मास्तर स्वतः छत्री घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “चला निरारी, आपल्या ओकुमुराचं काम बघायचंय ना?” त्यांच्या मागे पाच-सहा हौदवाले होते. आम्ही बनात पोचलो तेव्हा बेरुत्ती डब्यांच्या झाडाखाली उभा होता. उंच, टकला, गळ्यात दुर्बीण अडकवावी तसा कॅमेरा. मोरिवाकी त्याच्याशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत होते. मंडळाचा एक कडक नियम होता: कामाशेजारी पाटी लावायची नाही, काय बघायचं ते आधी सांगायचं नाही. पाहुण्यानं विचारलं तर ज्याचं काम त्यानंच उत्तर द्यायचं.

ते हिसाएच्या कापडांपाशी आले आणि पहिला थेंब पडला.

इतका वेळेवर पाऊस मी आयुष्यात पाहिला नाही. मंडळातल्या दोन मुली आनंदानं ओरडल्या. हिसाएनं छत्री मिटून टाकली. बघता बघता सरीनं जोर धरला. बाराही कापडं भिजून जड झाली, दोऱ्या लोंबल्या, टोकांवरून पाणी ठिबकायला लागलं. सगळ्यांच्या नजरा खालच्या पांढऱ्या कापडावर होत्या. पाणी स्वच्छ होतं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पांढरं कापड ओलं होत गेलं, पांढरंच राहिलं. निळं कापड आणखी निळं दिसायला लागलं.

हिसाए पुढे झाली. तिनं एका कापडाचं टोक हातात घेऊन पिळलं आणि तळहात उघडून बघितला. मग ते टोक डोळ्यांजवळ नेऊन निरखलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आठ वर्षं रंगात काढलेल्या बाईला ते कळायला एक क्षण पुरे होता.

तेवढ्यात माझ्या पाठीवर थाप पडली.

“निरारी!” उएदा मास्तर म्हणाले. ते छत्री विसरून पुढे गेले होते, कापड दोन बोटांत चोळत होते, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “बघा रे, बघा सगळ्यांनी. एवढ्या पावसात एक थेंब सोडला नाही. हे याचं काम आहे. आता कोण म्हणेल हिंदी रंग?”

हौदवाल्यांनी माना डोलावल्या. एकानं तर मला वाकून नमस्कार केला. नऊ महिने मी याच घटकेची वाट बघत होतो.

बेरुत्तीनं मोरिवाकींना काहीतरी विचारलं. मोरिवाकी गोंधळले होते. कापड निळं पाणी सोडणार, हे त्यांना हिसाएनं सांगितलेलं होतं. त्यांनी हिसाएकडे वळून जपानीत विचारलं, “ते विचारताहेत, हे काम काय आहे? यात काय व्हायचं असतं?”

हिसाएनं लगेच उत्तर दिलं नाही. पावसात उभी राहून ती कापडांकडे बघत होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते. मला वाटलं, ती शब्द शोधते आहे. मास्तरांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. बेरुत्तीनं घड्याळाकडे पाहिलं. कुणी खोकलं. एवढ्या सगळ्या वेळात मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

“काही व्हायचं नसतं,” हिसाए शेवटी म्हणाली. “ही कापडं पावसात उभी राहतात. एवढंच.”

मोरिवाकींनी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बेरुत्तीनं मान हलवली, विनयानं एक फोटो काढला आणि ते वाळूतल्या दिव्यांकडे गेले. संध्याकाळी पाच नावं जाहीर झाली. डबेवाला होता, दिवेवाला होता. हिसाए नव्हती.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी तिला कापडं उतरवायला मदत करायला गेलो. तिनं बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणाली नाही. ऊन पडलं होतं. एकेक कापड दोरीवरून काढायचं, दोन टोकं तिनं धरायची, दोन मी, झटकायचं आणि घडी घालत एकमेकांकडे यायचं. अशा सहा घड्या झाल्या. मग माझ्यानं राहवलं नाही.

“मी मुद्दाम केलं,” मी म्हणालो. “मोरचूद घातलं.”

“माहीत आहे. झाकेवरून कळलं.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? तुम्ही सांगायला हवं होतं. की रंग उतरायचा होता, रंगाऱ्यानं फसवलं. त्यानं ऐकलं असतं. पुन्हा करून दाखवा म्हणाला असता.”

“उएदा-सान समोर होते,” ती म्हणाली. “मला ते रागावले असते, दुसरं काय? तुम्हाला मात्र परत पाठवलं असतं. चोरून कच्चा रंग करायचं कबूल केलं म्हणून, नाहीतर शब्द दिला आणि मोडला म्हणून. दोन्हीकडून तुम्हीच गेला असता. नऊ महिने झालेत तुमचे. घरी बायकामुलं असतील.”

“लग्न नाही झालेलं माझं.”

“असं होय,” ती म्हणाली. तिनं कापडाची दोन टोकं घट्ट धरून झटकली. “रंग फार छान बसलाय, निरारी-सान. मी हे मनापासून म्हणतेय. असा निळा आमच्या हौदातून आजवर निघाला नव्हता.”

ती घडी घालत माझ्याजवळ आली. माझ्या हातातली टोकं तिनं आपल्या हातात घेतली, आणि तेव्हा ती इतकी जवळ होती की तिला आवाज वाढवायची गरज नव्हती.

“मोरिवाकी-सेन्सेईंनी विचारलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नव्हतं,” ती म्हणाली. “आठवतं? मला उत्तर सुचत नव्हतं असं नाही. मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल. म्हणून मी थांबले होते.”

तिनं घडी बाकीच्या घड्यांवर ठेवली आणि आठव्या कापडाची गाठ सोडायला गेली. दोरीपलीकडून तिनं त्याची दोन टोकं माझ्याकडे केली. मी ती धरली. उरलेल्या पाच कापडांच्या घड्या आम्ही तशाच घातल्या, आणि तेवढ्या वेळातही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.